धावता येणार नसेल, तर आपले बिब दुसऱ्याला द्यावे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. टाटा मुंबई मॅरेथॉनमधल्या अर्धमॅरेथॉनसाठी (सुमारे 21 किलोमीटरच्या दौडीसाठी) तुम्ही नोंदणी सुरू होताच नाव नोंदवले, शुल्क भरले, पावसाळ्यापासून नियमित सराव केला आणि स्पर्धा दोन आठवड्यांवर आली असताना पोटरीचा स्नायू दुखावला. डॉक्टरांनी महिनाभर धावायचे नाही असे बजावले आहे. शुल्क परत मिळत नाही आणि नोंदणी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, हे नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. तुमच्या कार्यालयातल्या 27 वर्षांच्या सहकारी मुलीला नोंदणी मिळाली नव्हती. तिला वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून धावायची फार इच्छा आहे आणि तिने तुमचे बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावकाचा क्रमांक, मागितले आहे. तुमचे वय 51 आहे. जागा वाया जाण्यापेक्षा ती कुणाच्या उपयोगी पडली तर कुणाचे काय बिघडते, आणि तिच्याकडून फक्त भरलेले शुल्क घेतले तर ते गैर ठरेल का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो: बिब देऊ नका, शुल्क घेऊनही नाही आणि फुकटही नाही. तुमच्या मनात फसवणुकीचा हेतू नाही, हे तुमच्या प्रश्नावरूनच कळते. म्हणूनच ‘नियम आहे’ एवढ्या दोन शब्दांत तुमची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही. मी हौशी धावकांच्या एका गटाला प्रशिक्षण देतो आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या काही स्पर्धांमध्ये कधी निकाल-कक्षात, तर कधी वैद्यकीय तंबूतल्या नोंदवहीवर बसतो. या नियमामागची कारणे मला तिथेच बसून नीट उमगली आणि तीच पुढे मांडतो आहे.

पहिल्यांदा बिब म्हणजे नेमके काय, ते पाहू. आपल्याला दिसतो तो छातीवर लावायचा आकडा आणि त्याखाली छापलेले नाव. त्याच्या पाठीमागे एक पातळ चिप चिकटवलेली असते. सुरुवातीच्या, मधल्या आणि अंतिम रेषेवरच्या पट्ट्यांवरून धावक गेला की ती चिप वाचली जाते आणि त्या आकड्यापुढे वेळ नोंदली जाते. पण तो आकडा खरे तर एका यादीतल्या एका ओळीकडे बोट दाखवत असतो. त्या ओळीत तुमचे नाव, वय, लिंग, रक्तगट, अडचणीच्या वेळी ज्याला फोन करायचा त्याचा क्रमांक आणि तुम्ही दिला असेल तर पूर्वीच्या एखाद्या स्पर्धेतल्या वेळेचा दाखला असतो. स्पर्धेच्या दिवशी वेळ मोजणारे, डॉक्टर, निवेदक, छायाचित्रे लावणारे, बक्षिसांची यादी करणारे, हे सगळे ती ओळ खरी मानून आपापले काम करतात. त्यांना तुम्ही प्रत्यक्ष माहीत नसता आणि तुमच्या सहकारीही माहीत नसतात. तुमचे बिब सहकारी मुलीने लावले की ओळ तुमची राहते आणि रस्त्यावरची व्यक्ती वेगळी होते. त्या ओळीवर विसंबून जो कुणी काही ठरवील, त्याचा निर्णय चुकण्याची सोय आपण करून ठेवलेली असते. माझा सगळा आक्षेप एवढ्यातच आहे. बाकीचे त्याचे परिणाम आहेत.

रेल्वेचे उदाहरण घ्या. आरक्षित तिकिटावर कुटुंबातल्या दुसऱ्या व्यक्तीला प्रवास करता येतो, पण त्यासाठी गाडी सुटण्याच्या 24 तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज करून नाव बदलून घ्यावे लागते. म्हणजे जागा दुसऱ्याला देणे मुळातच निषिद्ध मानलेले नाही. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपसांत ठरवून तक्ता मात्र जुनाच ठेवायचा, याला रेल्वेची हरकत आहे. धावण्याच्या स्पर्धेतही नैतिक प्रश्न इथेच उभा राहतो. जिथे आयोजक नाव बदलून देतात, तिथे आपली नोंदणी दुसऱ्याला देणे हा उमदेपणा आहे. जिथे ते देत नाहीत, तिथे तीच गोष्ट गुपचूप केली की ती खोटी नोंद ठरते.

आता नुकसान कुणाचे होते, ते पाहू. एका अर्धमॅरेथॉनच्या निकाल-कक्षातली गोष्ट सांगतो. साठीपुढच्या महिलांच्या गटात पहिल्या आलेल्या धावकाची वेळ 1 तास 41 मिनिटे दिसत होती. घाटाच्या मार्गावर त्या वयात ही वेळ अशक्य म्हणता येत नाही, परंतु शंका यावी अशी नक्की होती. मंचावरून नाव दोनदा पुकारले गेले, कुणी पुढे आले नाही. आम्ही मधल्या टप्प्यावरची छायाचित्रे काढून पाहिली, तेव्हा त्या आकड्याखाली तिशीतला, दाढी राखलेला एक तरुण धावताना दिसला. त्याच्या मावशीची तब्येत बरी नव्हती, म्हणून तिचे बिब लावून तो धावला होता आणि पदक गळ्यात पडताच घरी निघून गेला होता. त्याला बक्षीस नको होते, त्याने कुणाचे काही हिरावून घ्यायचे ठरवले नव्हते. पण फलकावर लावलेल्या प्राथमिक निकालात त्याच्यामुळे खरी तिसरी आलेली स्त्री चौथी दाखवली गेली होती. निवृत्त शिक्षिका होत्या त्या. चौथे नाव वाचून त्यांनी पिशवी उचलली आणि एसटी गाठायला निघून गेल्या. चूक दुरुस्त होईपर्यंत बक्षीस समारंभ संपला होता. नंतर ट्रॉफी कुरिअरने त्यांच्या गावी पाठवली. त्या वयात, तेवढ्या सरावानंतर, गावाकडच्या माणसांसमोर मंचावर उभे राहण्याचा जो क्षण त्यांच्या हक्काचा होता, तो मात्र कुरिअरने पाठवता आला नाही.

तुम्ही म्हणाल, माझी सहकारी काही एवढ्या वेगाने धावणार नाही. कदाचित खरेही असेल. पण 50 ते 55 वर्षांच्या महिलांच्या यादीत 27 वर्षांची मुलगी पहिल्या तीनांत आली नाही, तरी ती कुणाच्या तरी पुढे येणारच. आपल्याकडच्या हौशी धावकांपैकी बहुतेकांना बक्षीस कधीच मिळत नाही. त्यांच्या हाती पडते ते प्रमाणपत्रावरचे वयोगटातले स्थान. मागच्या वर्षी 80 वी होते, यंदा 64 वी आले, एवढ्या आनंदावर माणसे पुढचे वर्षभर पहाटे साडेचारला उठतात. ते आकडे खरे असावेत, ही त्यांची अपेक्षा काही फार मोठी नाही.

शिवाय त्या वेळेचा पुढे उपयोग होतो. मोठ्या स्पर्धांमध्ये कोण कोणत्या रांगेत उभे राहणार, हे पूर्वीच्या वेळेच्या दाखल्यावरून ठरते आणि मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनसारख्या स्पर्धेत प्रवेशासाठीच असा दाखला मागितला जातो. तुमच्या सहकारी तुमच्या बिबवर 2 तास 5 मिनिटांत धावल्या, तर ती वेळ तुमच्या नावावर कायमची नोंदली जाईल. तुम्ही ती वापरणार नाही, हे मी मान्य करतो. तरीही शोधणाऱ्याला निकालांत ती तुमचीच म्हणून दिसत राहील. याची उलट बाजूही आहे. वेगवान माणसाचे बिब संथ धावणाऱ्याने घेतले की तो पुढच्या रांगेत उभा राहतो आणि पहाटेच्या अंधारात मागून येणारे शेकडो जण त्याला चुकवत, एकमेकांना कोपरे लावत पुढे जाऊ पाहतात. पहिल्या किलोमीटरमध्ये होणारी पडझड मी जवळून पाहिली आहे; बहुतेक वेळा तिचे कारण हेच असते की कुणीतरी आपल्या वेगाला न साजेशा जागी उभे असते.

इथवरची कारणे प्रामाणिकपणाची आणि न्यायाची होती. वैद्यकीय कारण मला या सर्वांहून गंभीर वाटते आणि त्यावर मी थोडे अधिक बोलणार आहे.

धावक कोसळला की त्याला उचलून तंबूत आणतात आणि पहिल्यांदा त्याचा बिब क्रमांक वाचतात. तो बोलण्याच्या स्थितीत नसेल, तर तेवढीच त्याची ओळख उरते. नोंदवहीवरचा माणूस यादीतून वय, लिंग, औषधे किंवा ॲलर्जी लिहिली असल्यास ती, आणि तो किती वेळापासून रस्त्यावर आहे हे डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवतो. डॉक्टर केवळ कागदावर उपचार करत नाहीत, रुग्णाला तपासतातच. पण पहिल्या काही मिनिटांत शंका कुठल्या दिशेने घ्यायची, यात ही माहिती मदत करते. मधुमेहाची औषधे घेणारा पन्नाशीचा माणूस आणि कसलाही आजार नसलेला पंचविशीतला तरुण यांच्याबाबत पहिला संशय वेगळा असतो. जो तीन तास सतत पाणी पीत चालत-धावत आला आहे त्याच्या रक्तातले सोडियम घटलेले असू शकते आणि त्याला आणखी पाणी पाजणे धोक्याचे ठरते. जो वेगाने धावत दीड तासात कोसळला आहे त्याचे शरीर तापलेले असण्याची शक्यता अधिक असते आणि त्याला ताबडतोब गार करावे लागते. मधल्या पट्ट्यांवरची नोंद त्या माणसाच्याच ओळीत आहे, एवढे तरी या कामात गृहीत धरता आले पाहिजे.

एकदा आमच्याकडे असा एक धावक आणला गेला, जो अर्धवट शुद्धीत होता आणि विचारलेल्या कशालाच नीट उत्तर देत नव्हता. यादीतल्या क्रमांकावर फोन केला, तर एका गृहस्थांनी तो उचलला. तुमचा भाऊ आमच्याकडे वैद्यकीय तंबूत आहे, असे सांगितल्यावर पलीकडे क्षणभर आवाजच बंद झाला आणि मग ते म्हणाले, भाऊ तर माझ्यासमोर बसला आहे. भावाने बिब मित्राला दिले होते. मित्राने ते आपल्या मित्राला दिले होते. तंबूत पडलेल्या माणसाचे नाव त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. त्याचा फोन कुलूपबंद होता, जवळ ओळखपत्र नव्हते आणि त्याच्या घरच्यांपर्यंत पोहोचायला अर्धी सकाळ गेली. तो बरा झाला. पण तो बरा झाला म्हणून ती सकाळ बरी गेली, असे तंबूत बसलेला कुणीही म्हणणार नाही.

प्रत्येक वेळी शेवट असा सुखाचा होत नाही. डिसेंबर 2016 मध्ये चीनमधल्या श्यामेन इथल्या अर्धमॅरेथॉनमध्ये दोन धावकांचा मृत्यू झाला आणि त्यांतला एक जण दुसऱ्याच्या बिबवर धावत होता, असे नंतर उघड झाले. त्याच्या कुटुंबाने पुढे आयोजकांबरोबरच ज्याने बिब दिले त्यालाही न्यायालयात खेचले. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. निरोगी तरुण मुलगी अर्धमॅरेथॉनमध्ये कोसळण्याची शक्यता फार कमी असते, हे मला माहीत आहे. पण देणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर एक छोटासा उपकार करताना आपण काय अंगावर घेतो आहोत, याची कल्पना त्याला बहुधा नसते. नोंदणी करताना तुम्ही एका हमीपत्रावर होकार दिला होता: माझी प्रकृती धावण्यास योग्य आहे, जोखीम मला मान्य आहे. तो होकार तुमचा होता. तुमच्या सहकारी मुलीने असे काहीच कुणाला लिहून दिलेले नाही, आणि स्पर्धेबरोबर धावकांचा विमा असेल तर तोही नोंदणीतल्या नावांचा असतो, त्यांच्या जागी धावणाऱ्यांचा नव्हे.

प्रशिक्षक म्हणून आणखी एक शंका मनात येते. ज्याला ऑगस्टमध्ये नोंदणी मिळाली नाही, त्याने सप्टेंबर ते डिसेंबर या काळात लांब पल्ल्याचा सराव केलेला असतोच असे नाही. समोर ध्येय नसले की रविवारची 16-18 किलोमीटरची दौड हमखास बुडते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अचानक बिब हाती आले की उरलेल्या दोन आठवड्यांत भरून काढण्याचा मोह होतो आणि त्याच घाईत माणसे नडगी, पोटरी, गुडघा दुखावून घेतात. मुंबईची जानेवारी आपल्याला थंड वाटते, पण सात-साडेसातनंतरची दमट हवा आणि पेडर रोडचा चढ यांची गाठ पडली की अपुऱ्या सरावाचे माप पदरात पडते. तुमच्या सहकारी तयारीत असतील तर उत्तमच. पण हे त्यांना विचारले आहे का?

आता तुमच्या युक्तिवादाकडे वळतो, कारण त्यात तथ्य आहे. जागा वाया जाते, असे तुम्ही म्हणता. भावना खरी आहे, हिशेब मात्र तसा नसतो. नाव नोंदवलेल्यांपैकी काही जण आजारपण, प्रवास, लग्नकार्य अशा कारणांनी येणार नाहीत, हे प्रत्येक आयोजकाला माहीत असते आणि एकूण किती नोंदण्या घ्यायच्या हे ठरवताना ते धरलेले असते. पाणी, केळी, पदके, रुग्णवाहिका यांची तयारीही त्याच अंदाजाने होते. तुम्ही आला नाहीत, म्हणून रस्त्यावर एक मोकळी चौकट पळत राहत नाही. उलट न येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जागी दुसरा पाठवायचे ठरवले, तर तो अंदाजच कोलमडेल.

पैशांबाबत. फक्त भरलेले शुल्क घेतले तर नफेखोरी होत नाही, हे कबूल. पण तुम्ही शुल्क भरले ते स्वतः धावण्यासाठी. ते बिब बाजारात विकण्याजोगी तुमची मालमत्ता झालेले नाही. आणि एकदा पैसे देण्या-घेण्याची वाट मळली की तिच्यावरून कोण कोण चालते, तेही पाहायला हवे. स्पर्धा जवळ आली की धावकांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘हाफचे बिब हवे, पुरुष, 30 ते 35’ असे संदेश फिरू लागतात. वयोगटाचा उल्लेख केला जातो, कारण मागणाऱ्यालाही खोट फार उघडी पडायला नको असते. त्यातले बहुतेक तुमच्यासारखेच सरळ हेतूचे असतात, पण त्याच गर्दीत चढ्या भावाने विकणारे आणि नोंदणीच विकण्यासाठी करणारे बेमालूम मिसळून जातात. सरळ माणसे हा व्यवहार सर्रास करतात म्हणूनच त्या दलालांना आडोसा मिळतो.

याच वाटेचे पुढचे टोक म्हणजे आपल्या बिबवर मुद्दाम वेगवान माणसाला धाववणे. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये प्रवेशासाठी वयोगटानुसार ठरवलेली वेळ आधी दुसऱ्या स्पर्धेत करून दाखवावी लागते, त्यामुळे अशा भाडोत्री धावकांचा उपद्रव तिथे बराच चर्चिला गेला आहे. महाराष्ट्रातले अनेक धावक दरवर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या मॅरेथॉनहूनही लांब पल्ल्याच्या दौडीसाठी जातात. त्याच स्पर्धेत 1999 साली दोन भाऊ वाटेत अदलाबदल करून एकाच क्रमांकावर धावले आणि छायाचित्रांत घड्याळ एकदा एका मनगटावर तर एकदा दुसऱ्या मनगटावर दिसल्यामुळे पकडले गेले. तुमची गोष्ट आणि ही फसवणूक एका पारड्यात मी मुळीच टाकत नाही. हेतू वेगळा, लाभ वेगळा, दोषही वेगळा. पण निकाल-कक्षात बसलेल्या माणसाला हेतू दिसत नाही. त्याला छायाचित्रातला चेहरा आणि यादीतले नाव जुळत नाही, एवढेच दिसते. म्हणून शिक्षाही बहुतेक ठिकाणी दोघांना सारखीच असते: निकाल रद्द, आणि पुढच्या काही स्पर्धांना देणारा व घेणारा या दोघांनाही मज्जाव.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही सांगायला हवे. अनेक छोट्या स्पर्धांत आयोजकांना एक ईमेल केला की ठरावीक तारखेपर्यंत नाव बदलून मिळते. तिथे संकोच न करता बदलून घ्यावे, शुल्क घ्यायचे की नाही ते दोघांनी आपसांत ठरवावे. मुंबईच्या ड्रीम रनसारख्या, वेळ न मोजल्या जाणाऱ्या सुमारे 6 किलोमीटरच्या दौडीत निकाल आणि वयोगट यांचा प्रश्न येत नाही, म्हणून तिथला दोष मी सौम्य मानतो. पण कोसळलेल्याची ओळख पटवण्याचा प्रश्न तिथेही तसाच राहतो. चिप काढून टाकली तर चालेल का, असे मला अनेकांनी विचारले आहे. चिप काढल्याने निकाल बिघडत नाही, हे खरे, पण अर्धाच प्रश्न सुटतो. एवढे सगळे वाचूनही कुणी दुसऱ्याच्या बिबवर धावणारच असेल, तर निदान त्याने चिप काढावी, बिबच्या मागे ठळक अक्षरांत स्वतःचे नाव, वय, रक्तगट आणि घरचा फोन लिहावा व पुढचे छापील नाव खोडावे. ही मी दिलेली परवानगी नव्हे. तंबूत बसणारा माणूस म्हणून मला निदान एवढे तरी हवे आहे.

आयोजकांच्या जबाबदारीबद्दल न बोलता तुम्हाला एकट्याला उपदेश करणे एकांगी होईल. शुल्क परत नाही, नाव बदलणे नाही, पुढच्या वर्षी सवलतही नाही, असे तिन्ही दरवाजे बंद केले की माणूस चौथा शोधतो. त्याहून वाईट म्हणजे तो दुखावलेल्या पायानिशी स्वतःच धावतो. शुल्क बुडू नये म्हणून अंगात ताप असताना, स्नायू फाटलेला असताना धावलेली माणसे मी प्रशिक्षणात वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि हा दोष केवळ त्यांच्या हट्टाचा नाही. न्यू यॉर्क मॅरेथॉनमध्ये स्पर्धेआधी रीतसर माघार घेतली तर पैसे परत मिळत नाहीत, पण पुढच्या वर्षीची जागा राखून ठेवली जाते. त्या वर्षी शुल्क पुन्हा भरावे लागते. लंडन आणि बॉस्टन या दोन्ही स्पर्धांनी गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या धावकांसाठी जागा पुढे ढकलण्याची सोय केली आहे. म्हणजे हे करता येते. मी ज्या छोट्या स्पर्धांच्या नियोजनात असतो, तिथे बिब छपाईला जाईपर्यंत नावात बदल करू देण्याचा आग्रह मी धरत आलो आहे. तोपर्यंत तो यादीतल्या एका ओळीतला बदल असतो; नवा धावक स्वतःची माहिती भरतो, स्वतः हमीपत्र देतो आणि जुने नाव निघून जाते. छपाईनंतर क्रमांक आणि चिप यांच्या जोड्या लागलेल्या असतात, त्यामुळे काम वाढते आणि चुका होतात. हजारो धावकांच्या स्पर्धेत आयोजक त्या वेळी नकार देतात, हे मला रास्त वाटते. त्याआधीचा नकार मात्र मला पटत नाही, आणि धावकांनी तो मुकाट्याने सोसू नये असे मी म्हणेन.

पण नियम सदोष आहे, म्हणून आपण तो गुपचूप मोडला तर तो सुधारत नाही. उलट, सगळे काही सुरळीत चालले आहे, असेच आयोजकांना यादीवरून दिसते. जितके जण रीतसर कळवतील, तितकी मागणी नजरेत भरेल.

म्हणून तुम्ही पुढे काय करावे, ते सांगतो. आयोजकांना आजच ईमेल करा. नोंदणी क्रमांक, दुखापत आणि डॉक्टरांचा सल्ला लिहा, माघार घेत असल्याचे कळवा आणि पुढच्या वर्षी जागा राखून मिळेल का, हे विचारा. बहुधा नकार येईल, तरीही विचारा. सहकारी मुलीला मोकळेपणाने कारण सांगा; ‘नियम आहे, काय करणार’ असे म्हणून सुटका करून घेण्यापेक्षा, ‘तुला काही झाले तर डॉक्टरांच्या हातात माझे नाव आणि माझे वय असेल’, हे सांगितलेले तिला लवकर पटेल. सागरी सेतूवर एरवी पायी जाता येत नाही, त्यामुळे तिची ओढ मला पूर्ण समजते. तिने पुढच्या वर्षीसाठी आत्तापासून तयारी करावी: एखाद्या मान्यताप्राप्त स्पर्धेत स्वतःच्या नावावर वेळेचा दाखला मिळवावा, साधारणतः ऑगस्टमध्ये नोंदणी उघडते तेव्हा पहिल्याच दिवशी अर्ज करावा, आणि तरीही जागा मिळाली नाही तर युनायटेड वे मुंबई या संस्थेच्या माध्यमातून स्वयंसेवी संस्थांसाठी निधी उभारून मिळणाऱ्या जागांची चौकशी करावी. त्यांत खर्च आणि खटपट जास्त असते, पण बिब स्वतःच्या नावाचे मिळते.

तुमच्याबाबत माझी खरी काळजी वेगळीच आहे. बिब कुणाला देता येत नाही म्हटल्यावर, ‘मग मीच हळूहळू चालत-धावत पूर्ण करते’ असा विचार दोन आठवड्यांत नक्की डोके वर काढील, विशेषतः एक्स्पोमध्ये, म्हणजे स्पर्धेआधी बिब वाटतात त्या प्रदर्शनात, जाऊन बिब हातात घेतलेत तर. पोटरीच्या स्नायूला सपाट रस्त्यावर चालताना काही वाटत नाही आणि चढावर, थकल्यावर तो पुन्हा जातो. दुसऱ्यांदा गेला की एका महिन्याचे तीन महिने होतात. एका पायावर उभे राहून टाच वीस-पंचवीस वेळा न दुखता उचलता आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोटरीत ओढ जाणवली नाही, म्हणजे मग डॉक्टरांना विचारून एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे सुरू करा. स्पर्धेच्या दिवशी यायचेच असेल, तर पेडर रोडच्या चढावर रस्त्याच्या कडेला उभ्या राहा. अर्धमॅरेथॉनचे धावक तिथे पोहोचतात तेव्हा त्यांचे पाय जड झालेले असतात आणि आपले नाव घेऊन हाक मारणारे कुणी भेटले, तर त्यांना खरोखर बरे वाटते.